लुइस गामाच्या चार संध्याकाळी: नाशिकच्या अशोक स्तंभाजवळच्या पुस्तकांच्या दुकानातली चरित्रमाला

कोर्टाशी, कवितेशी किंवा जातीच्या प्रश्नाशी ज्यांचा थोडाही संबंध आहे, त्यांनी या दुकानाची चरित्रमाला चुकवू नये. चार गुरुवार, प्रत्येक वेळी दोन तास, एक छापील पुस्तिका आणि मधल्या सुट्टीत चहा, सगळं मिळून ३०० रुपये. या खेपेचा माणूस होता लुइस गामा. एकोणिसाव्या शतकातला ब्राझीलचा कवी, पत्रकार आणि गुलामगिरीविरुद्ध कोर्टात लढणारा कार्यकर्ता. मराठीत त्याच्याबद्दल इतक्या तपशिलात कुणी सांगितलेलं मी तरी याआधी ऐकलं नव्हतं.

मी जिल्हा न्यायालयाबाहेर टायपिंग करते. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आहे. प्रतिज्ञापत्रं, नक्कल अर्ज, वारसांच्या याद्या, भाडेकरार. सीबीएस बसस्थानकाच्या गोंगाटात दिवसभर लोकांची नावं, वयं आणि पत्ते टाइप करायचे, संध्याकाळी अशोक स्तंभापर्यंत चालत यायचं आणि दुकानाच्या माळ्यावर बसायचं, असा माझा त्या गुरुवारांचा क्रम होता. हे सांगायचं कारण असं, की गामाचं आयुष्य सांगणाऱ्या सरांनी ते कागदांच्या आधाराने सांगितलं. कोणता कागद, कुणी लिहिला, कोणत्या तारखेचा, हे प्रत्येक वेळी आधी. रोज कागदात हात घालणाऱ्या बाईला ही पद्धत फार भावली, आणि माझा सगळा अभिप्राय तिथूनच आला आहे.

पहिल्या संध्याकाळी सरांनी एक पत्र हातात घेतलं. २५ जुलै १८८० या तारखेचं, गामाने लुसियो दे मेंदोन्सा या मित्राला लिहिलेलं. गामाच्या लहानपणाबद्दल आज जे जे माहीत आहे त्यातलं जवळजवळ सगळं या एका पत्रातून येतं. जन्म २१ जून १८३०, बाहिया प्रांतातलं साल्व्हादोर शहर. आई लुइझा माहिन, आफ्रिकेतून आलेली पण स्वतंत्र असलेली बाई, बाजारात माल विकणारी. गुलामांच्या बंडाची तयारी करते या संशयावरून तिला अनेकदा अटक झाली होती. १८३७ मध्ये ती रिओ द जानेरोला गेली आणि परत आली नाही. वडील गोरे, चांगल्या घरातले, जुगाराच्या नादाने कफल्लक झालेले. १० नोव्हेंबर १८४० रोजी त्यांनी दहा वर्षांच्या मुलाला ‘साराइव्हा’ नावाच्या जहाजावर नेलं आणि विकलं. मुलगा आईमुळे जन्मतः स्वतंत्र होता. त्याला विकण्याचा अधिकार बापालाही नव्हता.

गामाने त्या पत्रात वडिलांचं नाव लिहिलेलं नाही. ते त्याने मुद्दाम टाळलं आणि त्याचं कारणही दिलं, की त्यांच्या आठवणीला हा डाग नको. सरांनी हे वाचलं आणि थोडं थांबले. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी ‘परत वाचा’ म्हटलं. सरांनी परत वाचलं. अशा जागी घाई न करणारा माणूस सांगायला बसवला आहे, ही या मालेची मोठी जमेची बाजू.

पुढचा प्रवास त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखवला. रिओहून सांतोस बंदर, तिथून डोंगर चढून पायी जुंदियाई, कांपिनास. शंभराहून जास्त गुलामांचा तांडा आणि त्यात हा दहा वर्षांचा पोर. कॉफीचे मळेवाले त्याला बघायचे, पसंत करायचे आणि कुठला म्हणून विचारायचे. बाहियाचा म्हटलं की नको म्हणायचे. १८३५ मध्ये बाहियात मुसलमान आफ्रिकन गुलामांनी मोठा उठाव केला होता, त्यानंतर तिकडच्या माणसाला बंडखोर समजून कुणी घरात घेईना. तो विकला गेला नाही म्हणून व्यापाऱ्याने, आंतोनियो परेरा कार्दोझोने, त्याला साओ पाउलोमधल्या आपल्याच घरी ठेवलं. तिथे तो वाढपी झाला, जोडे शिवायला शिकला, धुणं-इस्त्री आणि शिवणकाम शिकला.

दुसरी संध्याकाळ माझ्या लेखी सगळ्यांत चांगली. १८४७ मध्ये त्या घरात एक विद्यार्थी राहायला आला, आंतोनियो रॉद्रिगेस दो प्रादो ज्युनियर. त्याने सतरा वर्षांच्या गामाला अक्षरं शिकवली. एका वर्षात गामा वाचता-लिहिता झाला आणि १८४८ मध्ये आपण स्वतंत्र आहोत याचे पुरावे मिळवून त्या घरातून निघून गेला. ते पुरावे त्याने गुपचूप आणि चतुराईने मिळवले एवढंच तो लिहितो. कोणता कागद, कुणाकडून, यावर एक अक्षरही नाही. बाप्तिस्म्याची नोंद असेल का? विक्रीचा दस्त? कुणी लिहून दिलेली साक्ष? सरांनी शक्यता मांडल्या आणि कुठल्याही एका शक्यतेला खरं म्हटलं नाही. त्या रात्री घरी जाऊन मी त्याच कागदाचा विचार करत होते. माझ्यासमोर रोज माणसं बसतात, ज्यांचं सगळं एका दाखल्यावर अडलेलं असतं. जन्माची नोंद नाही, शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळं, सातबाऱ्यावर आजोबांचं नाव चुकलेलं. दाखला मिळाला की खुर्चीत बसण्याची त्यांची पद्धतसुद्धा बदलते. अठरा वर्षांच्या त्या मुलाने स्वतःचा दाखला स्वतः वाचला असणार. वर्षभरापूर्वी त्याला तो वाचता आला नसता.

मग तो शिपाई झाला. सहा वर्षांची नोकरी, त्यात काबो म्हणजे कॉर्पोरल या हुद्द्यापर्यंत बढती. १८५४ मध्ये अपमान करणाऱ्या एका अधिकाऱ्याला त्याने धमकावलं म्हणून ३९ दिवस कैद झाली आणि नोकरी सुटली. नंतर पोलिसांच्या कचेरीत नकलनवीस. लोकांचे कागद सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं काम. त्याच कचेरीत फुर्तादो दे मेंदोन्सा हे कायद्याचे प्राध्यापकही असलेले अधिकारी होते, त्यांच्या ग्रंथसंग्रहात बसून तो कायदा शिकला. साओ पाउलोच्या कायद्याच्या महाविद्यालयात त्याला प्रवेश मिळाला नाही. तिथे बसणाऱ्या श्रीमंतांच्या मुलांना काळा माणूस शेजारी नको होता. पुढे तात्पुरत्या परवान्यावर वकिली करण्याची मुभा त्याला मिळाली आणि पदवीशिवाय तो उभा राहिला.

तिसरी संध्याकाळ कवितेची होती आणि तिथे माझी तक्रार आहे. ‘प्रिमेइरास त्रोव्हास बुर्लेस्कास’ हा त्याचा एकच कवितासंग्रह, १८५९ मध्ये ‘जेतुलिनो’ या टोपणनावाने निघालेला, १८६१ मध्ये दुसरी आवृत्ती. उपहासाच्या कविता. खोट्या कुलीनांवर, विकत घेतलेल्या पदव्यांवर, आजीचा रंग लपवणाऱ्या गोऱ्या साहेबांवर. तो स्वतःला कुरळ्या केसांचा ऑर्फियस, म्हणजे ग्रीक पुराणातला कवी-गायक, म्हणवून घेतो आणि गिनीच्या म्हणजे आफ्रिकेच्या काव्यदेवतेला हाक मारतो. ‘मी कोण?’ ही त्याची गाजलेली कविता आहे. मिश्र वर्णाच्या माणसांना तिकडे शिवी म्हणून बोकड म्हणत. गामा म्हणतो, बरं, मी बोकड. आणि मग एकेकाला रांगेत आणतो. सरदार बोकड, पुढारी बोकड, धर्मगुरू बोकड, न्यायाधीश बोकड, काही राखाडी, काही चितकबरे, सगळ्यांचाच एक कळप.

ही कविता वाचणाऱ्या मुलीचा आवाज खणखणीत होता आणि तिला विनोदाची जागा बरोबर कळत होती. लोक हसले आणि हसता हसता गप्पही झाले. पण एवढी एक कविता पूर्ण झाली आणि बाकीच्या चार-दोन ओळींत उरकल्या. उरलेला वेळ त्याने कोणकोणत्या नियतकालिकांत लिहिलं या यादीत गेला. १८६४ मध्ये चित्रकार आंजेलो आगोस्तिनी याच्यासोबत ‘दियाबो कॉशो’ हे साओ पाउलोतलं पहिलं सचित्र विनोदी पत्र काढलं, ही माहिती महत्त्वाची आहे, त्यातलं एखादं व्यंगचित्र पडद्यावर दाखवलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. कवीच्या चरित्राची माला म्हणून जाहिरात करायची आणि कवितेला एक तास द्यायचा, हे पटत नाही. माझ्या शेजारी बसलेली डी.एड.ची दोन मुलं खास कवितेसाठी पंचवटीतून आली होती. त्यांनीही हेच बोलून दाखवलं.

चौथ्या गुरुवारी कोर्ट. माळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती, बरेचसे ज्युनिअर वकील होते.

सरांनी फळ्यावर एकच तारीख लिहिली: ७ नोव्हेंबर १८३१. या दिवशी ब्राझीलमध्ये कायदा झाला, की बाहेरून देशात आणलेला प्रत्येक गुलाम स्वतंत्र समजला जाईल. इंग्लंडचा दबाव होता म्हणून कायदा झाला, आणि झाल्यावर कुणी पाळला नाही. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत सात लाखांहून जास्त आफ्रिकन माणसं जहाजांतून उतरवली गेली. ही सगळी माणसं आणि त्यांची पुढची मुलंबाळं, कायद्याने पाहिलं तर बेकायदा डांबलेली होती. सरकारला माहीत होतं, न्यायाधीशांना माहीत होतं, मळेवाल्यांना तर होतंच. कायदा रद्दही झाला नाही आणि लागूही झाला नाही. गामाने तो उचलला.

त्याची रीत काय होती, हे सरांनी उदाहरण मांडून दाखवलं. १८७१ च्या कायद्यानंतर प्रत्येक मालकाला आपल्या गुलामांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागली. नाव, वय, मूळ ठिकाण. समजा १८७२ च्या नोंदणीत एका आफ्रिकेत जन्मलेल्या माणसाचं वय ३८ लिहिलं आहे. म्हणजे जन्म १८३४ चा. जन्मच कायद्यानंतरचा, तर तो देशात आला तोही कायद्यानंतरच. मालकानेच लिहून दिलेल्या आकड्यावरून तो माणूस स्वतंत्र ठरतो. हे समजल्यावर मालक वयं वाढवून लिहू लागले, मूळ ठिकाण माहीत नाही म्हणू लागले. आणि ज्या गुलामाची नोंद मुदतीत झालीच नाही, तो त्या कायद्याप्रमाणे आपोआप स्वतंत्र. हे ऐकताना माझ्या हाताची बोटं आपसूक हलली. वयाच्या रकान्यात मी दिवसातून किती वेळा आकडे टाकते. त्या रकान्यावर एका माणसाची सुटका अवलंबून असू शकते, हे गामाने पाहिलं, कारण तो स्वतः नकलनवीस होता. मोठ्या वकिलांनी हे रकाने वाचलेच नसतील.

१८६९ मध्ये त्याने वर्तमानपत्रात जाहीर निवेदन दिलं: खाली सही करणारा माणूस स्वातंत्र्याचे सगळे दावे कोर्टात विनामूल्य चालवील, संबंधितांनी द्यावेत. खाली पूर्ण नाव. त्याच वर्षी जसिंतो नावाच्या आफ्रिकन माणसाच्या अर्जावर न्यायाधीश नीट निर्णय देईना म्हणून गामाने पेपरात त्याच्यावर कडक लिहिलं, आणि पोलीस कचेरीतली नोकरी गेली. ‘सार्वजनिक सेवेच्या हितासाठी’ बडतर्फ, असं तो स्वतः नोंदवतो. बायको क्लॉदिना आणि लहान मुलगा घरात. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये जिवाला धोका आहे असं वाटून त्याने मुलाला पत्र लिहिलं. त्यात अभ्यास कर, आईला सांभाळ अशा गोष्टी आहेत आणि या देशात राजा आणि गुलाम दोन्ही नसावेत यासाठी काम कर, हेही आहे. सरांनी हे पत्र अर्धवट सोडलं, कारण वेळ संपत आला होता. पुस्तिकेत ते पूर्ण आहे, ते जरूर वाचा.

सांतोसचा मोठा खटला मात्र त्यांनी नीट सांगितला. फेरेइरा नेत्तो नावाचा एक धनाढ्य पोर्तुगीज व्यापारी मेला. मृत्युपत्रात त्याने आपल्या गुलामांना मुक्त केलं होतं. वारसांनी आणि भागीदाराने ते दडपलं. गामाने पेपरात ती बातमी वाचली, दप्तरं धुंडाळली आणि दावा लावला. २१७ माणसं एकाच खटल्यात. निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी सुटका लगेच झाली नाही, आणखी काही वर्षं थांबण्याची अट घातली गेली. मृत्युपत्राचे दावे वर्षानुवर्षं बघितलेले एक वकील मागून म्हणाले, “वारसांचं वागणं सगळीकडे सारखंच.” आयुष्यभरात आपण पाचशेहून अधिक लोकांना सोडवलं, असं गामाने १८८० च्या पत्रात लिहिलं आहे.

यानंतरची चर्चा हाच खरा नाशिकचा भाग होता. एका ताईंनी विचारलं, कागदावर असलेला कायदा असा झोपलेला आपल्याकडे कुठे होता? उत्तर सरांच्या आधी सिडकोहून आलेल्या एका रिटायर काकांनी दिलं. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात कुणी पाण्याला हात लावू देईना. १९२७ मध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर जाऊन तो कागद खरा करायला लावला, मग खटले चालले आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये आला. काका पुढे २ मार्च १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहावर आले, दादासाहेब गायकवाडांबद्दल बोलले. काकांच्या वडिलांनी तो रामकुंडाचा परिसर, ती माणसं डोळ्यांनी पाहिली होती. या गप्पा अर्धा तास चालल्या आणि दुकानाच्या दादांनी दिवे बंद करायची घाई केली नाही. सरांनी एक भर घातली, जी मला आवडली: १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं, त्याच काळात साओ पाउलोमध्ये गामा काळ्या माणसांचे अर्ज लिहीत होता. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं काही कारण नव्हतं.

एका गोष्टीवर मी सरांशी थेट बोलले. पहिल्या दिवशी त्यांनी लुइझा माहिनबद्दल फार सावधपणे सांगितलं होतं, की मुलाच्या पत्राशिवाय तिचा पक्का पुरावा नाही. पुस्तिकेत मात्र तिला सरळ बंडाची नेता करून टाकलं आहे, १८३५ च्या उठावातली राणी वगैरे. तोंडी एक आणि छापील एक, हे बरोबर नाही. शाळकरी मुलं पुस्तिका वाचून निबंध लिहितील. पत्रात जेवढं आहे तेवढंच पुरेसं मोठं आहे. मुलाने तिला १८४७, १८५६ आणि १८६१ मध्ये रिओमध्ये शोधलं आणि ती सापडली नाही. सरांनी ऐकून घेतलं, पुढच्या छपाईत दुरुस्ती करू म्हणाले.

गामा २४ ऑगस्ट १८८२ रोजी मधुमेहाने गेला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली १३ मे १८८८ ला, म्हणजे ते त्याला पाहता आलं नाही. शवपेटी गाडीत ठेवू न देता लोकांनी खांद्यावरून कोन्सोलासाओच्या स्मशानापर्यंत नेली, श्रीमंत-गरीब, काळे-गोरे सगळे खांदा द्यायला पुढे येत होते. २०१५ मध्ये ब्राझीलच्या वकील संघटनेने त्याला मरणोत्तर वकील म्हणून मान्यता दिली आणि २०१८ मध्ये कायद्याने त्याला गुलामगिरी-निर्मूलनाच्या लढ्याचा मानाचा प्रतीकपुरुष म्हणून जाहीर केलं. ज्युनिअर वकिलांपैकी एकाने या सन्मानाचा काय उपयोग असं म्हटलं. मला तसं वाटत नाही. नावापुढे काय लिहिलं आहे यावर कोर्टाच्या आवारात माणसाला बसायला खुर्ची मिळते की नाही ते ठरतं, हे मी रोज बघते. १३३ वर्षांनी का होईना, रेकॉर्ड दुरुस्त झालं हे बरं झालं.

आता जागेबद्दल. माळ्यावर जायचा जिना अरुंद आहे आणि एका बाजूला कठडा नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी थोडं लवकर यावं, म्हणजे सावकाश चढता येतं. खुर्च्या प्लास्टिकच्या, चाळीसेक. खिडकीजवळ बसलात तर खालच्या रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात, म्हणून मधली रांग धरा. माइकची गरज नाही, पण कविता वाचताना पंखे कमी करायला हवेत. चहा आल्याचा, कडक, आणि दुसरा कप मागितला तरी हसतमुखाने देतात. गाडी लावायला गल्लीत जागा नाही. बायकांसाठी सांगते, साडेआठला कार्यक्रम सुटतो तेव्हा रस्ता जागता असतो, मला एकटीने जाताना कधी अडचण आली नाही. पुस्तिकेचा कागद आणि छपाई चांगली, अक्षर मोठं, शुद्धलेखनाच्या चुका मोजक्याच. मी स्वतः टाइप करते म्हणून हे मुद्दाम तपासलं.

पुस्तकं विकण्याचा दबाव अजिबात नाही. खालच्या मजल्यावर गुलामगिरी, आंबेडकरी चळवळ आणि अनुवादित कविता यांचं एक कपाट त्या महिन्यापुरतं वेगळं लावलं होतं, तिथे उभं राहून वाचलं तरी कुणी काही म्हणत नाही. माळ्यावर यायला पैसे नसलेल्या विद्यार्थ्यांना मागच्या बाकावर फुकट बसू देतात. हे जाहिरातीत लिहिलेलं नाही, विचारावं लागतं. लिहायला हवं.

पुढची माला दिवाळीनंतर सुरू होणार आहे आणि माणूस अजून ठरलेला नाही. मी वहीत वामनदादा कर्डकांचं नाव लिहून आले आहे. आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, मोठेपणी अक्षरं शिकलेला आणि हजारो गाणी लिहिलेला कवी. तसं झालं तर गाण्यांना निदान दोन गुरुवार द्यावेत आणि ती म्हणणारा माणूस बोलवावा. नोंदणी दुकानात जाऊनच करावी लागते, फोनवर नाव घेत नाहीत. गामाच्या पुस्तिकेच्या थोड्या प्रती काउंटरवर शिल्लक आहेत, पण लुइझा माहिनचं पान दुरुस्त होईपर्यंत थांबलात तरी चालेल.